डाव्या चाकातली कडी

जीपच्या पुढच्या चाकाच्या मधोमध एक गोल झाकण असतं. सगळ्याच जीपना नसतं. आमच्याकडच्या ज्या गाड्या आलापल्लीच्या पुढे जंगलात जायच्या, त्यांना ते नागपूरहून बसवून आणलेलं होतं. झाकणावर अंगठ्याएवढी एक मूठ आणि इंग्रजीत दोन शब्द. फ्री आणि लॉक. नोकरीतली आठ पावसाळी वर्षं मी मुख्यतः त्या मुठीच्या मागे काय बिघडलंय, तेच पाहत काढली.

या अंकासाठी लिहा म्हणताना संपादिकाबाईंनी सुचवलं होतं की वाघाबिघाचं काही येऊ द्या. वाघ मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा तो घाईत होता आणि मी गाडीत होतो. मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती तिथं मीच माझ्या हातानं बसवलेली होती. तेच लिहितो.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. साध्या रस्त्यावर जीप मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते, पुढची नुसती फिरतात. चिखल, रेती किंवा नाला आला की पुढच्या चाकांनाही जोर द्यावा लागतो. त्यासाठी ड्रायव्हरनं खाली उतरायचं, दोन्ही पुढच्या चाकांवरची मूठ 'लॉक'वर फिरवायची, मग आत बसून पुढच्या चाकांचा गियर टाकायचा. मूठ फिरली की आत दात्यांची एक कडी सरकते आणि इंजिनाकडून आलेला दांडा चाकाशी जोडला जातो. या सगळ्या प्रकाराला लॉकिंग हब म्हणतात. यात एक खोच आहे. दोनपैकी एका बाजूची कडी जरी सुटली, तरी सगळा जोर त्या मोकळ्या दांड्याकडे पळतो. तो आतल्या आत रिकामा गरगरतो आणि पलीकडचं चांगलं चाकही ओढेनासं होतं. म्हणजे एक हब गेला की दोन्ही गेले.

हे ड्रायव्हर लोकांना समजावता समजावता माझा घसा बसायचा. मूठ बोटांनी फिरवायची असते. ती चिखलानं जाम झाली की लोक पकडीनं फिरवायचे, पकडीनं नाही फिरली की हातोडीनं. बांबूच्या एका ठेकेदाराच्या गाडीची तर उजवी मूठ लॉकवर आणि डावी फ्रीवर, अशी ती दोन वर्षं चालली होती. वर दोन्ही मुठींवर त्यानं भेगा बुजवायची लाल लांबी थापून ठेवली होती. का, विचारलं तर म्हणाला, "बटन हाललं तर गाडीचा दम निंगून जाते ना, मिस्त्री." मी लांबी खरवडली, डावी मूठ फिरवली आणि गाडी त्याच्या हवाली केली. पुढचा महिनाभर तो भेटेल त्याला सांगत होता, आलापल्लीच्या मिस्त्रीनं इंजिन बदललं. मीही त्याला कधी दुरुस्त केलं नाही. अशानं माणसाला आपल्या हाताचा जरा जास्तच भरवसा वाटायला लागतो.

मी मूळचा नागभीडकडचा. आयटीआय करून चंद्रपूरच्या सरकारी वर्कशॉपला लागलो, आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर मला आलापल्लीला पाठवलं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड, एक गॅस वेल्डिंगचा संच आणि मागे भंगार झालेल्या तीन गाड्या. सुट्या भागांची मागणी नागपूरला जायची आणि पावसाळा संपत आला की कधीतरी तिथून काहीतरी यायचं.

आरोग्य खात्याची जीप श्यामराव कोवे चालवायचे. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे, एटापल्लीकडचे गोंड, कमी बोलणारे. मी त्यांना कोवे भाऊ म्हणायचो, ते मला मिस्त्री. इतर ड्रायव्हर गाडी आणून आदळायचे, कोवे भाऊ गाडी धुऊन आणायचे. त्या सप्टेंबरात रस्त्यात आडव्या आलेल्या बैलाला वाचवताना त्यांचं डावं पुढचं चाक मोहाच्या तोडलेल्या खुंटावर आदळलं. झाकण तडकलं, मूठ तुटली, आणि उघडून पाहिलं तर आतल्या कडीचे दाते झिजलेल्या खडूसारखे गोल झाले होते.

नवीन हब नव्हता. भंगारातल्या गाडीत एक जुनी कडी मिळाली, तिचेही निम्मे दाते गेलेले. मी दोन दिवस लावून त्या दात्यांच्या जागी वेल्डिंगचा भर चढवला आणि कानशीनं एकेक दाता घासून काढला. कडी हबच्या घरात, म्हणजे तिच्या खोबणीत, बसली, सरकली, धरली. दिसायला इतकी सुरेख झाली होती की मी ती शेडमधल्या तिघांना बोलावून दाखवली.

पण लोखंड मला माहीत होतं. भर चढवलेला दाता ठिसूळ होतो. शेडभोवती गाडी फिरवायला तो पुरतो. नाल्यात, दगडात, सगळा भार एका क्षणात येतो तिथं त्याचा नेम नाही. काम तात्पुरतं आहे, गाडी पाण्यात घालू नये, असं मी रजिस्टरात लिहायला हवं होतं. वर्कशॉपचे साहेब शेडमध्ये आले आणि त्यांनी विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

एवढंच. का म्हणालो, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. दुसरं काही नव्हतं, कडी सुरेख झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेरमिलीच्या पुढच्या एका गावाहून माणूस धावत आला. धावतच, कारण सायकल नाल्यापलीकडे टाकून तो पाण्यातून आला होता. चिन्ना नाव. त्याची बायको सोमी दोन दिवसांपासून बाळंतपणाला अडली होती. नर्स सुमनबाई पिशवी घेऊन निघाल्या. त्या वडशाच्या, बारीक चणीच्या, पण आवाज असा की दवाखान्याच्या ओसरीतली कुत्री उठून जायची. कोवे भाऊंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मिस्त्री, लागते ना चारही?"

तेव्हाही सांगता आलं असतं. पण दुसरी गाडी साहेब घेऊन गेले होते. खरं सांगितलं तर सोमीला आणायला कोणी जाणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. ते खरंही होतं. पण मी गप्प राहिलो ते तेवढ्यासाठीच, असं आज म्हणणार नाही.

"लागते," मी म्हणालो, "पण मी येतो संगं."

"तुमी? काऊन?"

"असंच. नाला कसा हाय तेवढं पाहतो."

कोवे भाऊंनी एकदा डाव्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हत्यारांची पेटी मागे टाकली.

जाताना पूर्ण रस्ताभर मी कानानं त्या चाकात बसलो होतो. पहिला नाला गुडघाभर होता, कडी टिकली. दुसरा, म्हणजे मोठा नाला, मांडीपर्यंत होता. कोवे भाऊंनी पंख्याचा पट्टा सैल केला, म्हणजे पंखा पाणी उडवून इंजिन बंद पाडत नाही. मग दोन्ही हब पुन्हा लॉक केले. डावा हब लॉक करायला मूठच नव्हती, तो मी पकडीनं केला. गाडी उतरली. दगडावरून चाक घसरलं की मी खिडकीतून वाकून त्याच्याकडे पाहायचो. तरी पार झालो. पलीकडे चढल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुमाले ताप हाय का? घाम पाहा किती."

गावात आमची गाडी पाहून दारं लागली. ती वर्षंच तशी होती. सरकारी गाडीला लोक भ्यायचे, आणि जंगलात आणखीही काही माणसं फिरायला लागली होती, त्यांना आम्ही भ्यायचो. कोवे भाऊ गोंडीत मोठ्यानं बोलत चालत गेले, तेव्हा कुठं दोन-चार माणसं बाहेर आली. सोमीला खाटेवरून आणून गाडीत मागे आडवं केलं. वीस वर्षांचीही नसेल. ती ओरडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. सुमनबाईंनी तिच्या पोटाला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि म्हणाल्या, "चला. जलदी."

परत मोठ्या नाल्याला आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. आमच्यावर ऊन होतं. पण पाण्याचा रंग बदलला होता. सकाळी निवळ होतं, आता विटकरी, आणि त्यावर पाचोळा आणि फेस वाहत होता. वर डोंगरात कुठंतरी पाऊस झाला होता. कोवे भाऊ काठावर थांबले, पाण्यात एक काडी रोवून तिच्याकडे पाहत राहिले. "चढून राह्यलं," ते म्हणाले. "आता गेलो तर गेलो. अर्ध्या घंट्यानं दोन दिवस इथीच."

सुमनबाईंनी मागं वळून सोमीकडं पाहिलं. "दोन दिवस नाई निंगत ही."

गाडी उतरली. मी पुढे बसलो होतो, सोमीजवळ सुमनबाई आणि चिन्ना. मध्यापर्यंत गाडी नीट गेली. मग डावं चाक एका खड्ड्यात उतरलं, समोर दगड आला, कोवे भाऊंनी जोर दिला आणि खालून आवाज आला. मोठा नाही. सुपारी फोडल्यासारखा, एकदाच. गाडीचं पुढचं ओढणं थांबलं. मागची चाकं जागीच रेती उपसू लागली आणि गाडी मागून बसायला लागली.

"काय झालं?" सुमनबाईंनी विचारलं.

"दगड लागला असन," कोवे भाऊ म्हणाले.

मला माहीत होतं काय झालं. त्या गाडीत फक्त मलाच माहीत होतं. पाणी पायरीच्या वर आलं होतं.

मी पेटीतून पान्हा, छिन्नी, हातोडी आणि माझ्या दोन त्रिकोणी कानशी घेतल्या आणि डाव्या बाजूनं खाली उतरलो. पाणी मांडीच्या वर आलं. चाकाशी बसलो तर छातीला लागलं. प्रवाह इतका की एक हात सतत चाकाला धरूनच ठेवावा लागत होता. झाकणाचे सहा बोल्ट पाण्याखाली, चाचपडत काढायचे. एक हातातून निसटला, गेला. दुसरा मी दातात धरला. झाकण निघालं, आत बोट घातलं. माझे दाते नव्हते. एका बाजूला तीन शिल्लक होते, बाकीची जागा गुळगुळीत.

करण्यासारखं एकच होतं. कडी आणि तिच्याभोवतीचं घर यांच्यामध्ये दाते होते तिथं आता पोकळी होती. तीत कडक लोखंड ठोकून भरायचं. कानशीचं लोखंड फार कडक असतं, हातोडीचा घाव आडवा बसला की तुटतं. कानशी दगडावर ठेवून तुकडे केले तर ते पाचरीसारखे ठोकता येतील. चाळीस-पन्नास फूट गाडी ओढतील इतकं ते टिकलं तर टिकलं.

पण त्यासाठी बोटं आत घालावी लागणार होती. इंजिन बंद करता येत नव्हतं. बंद झालं की धुराच्या नळीतून पाणी शिरणार आणि मग ते पुन्हा चालू होणार नाही. इंजिन चालू, आणि चुकून पुढचा गियर लागला तर तो दांडा फिरणार आणि माझी बोटं त्याच्याबरोबर.

"कोवे भाऊ," मी ओरडलो, "पुढचा गियर काढा. मी सांगत नाई तोपर्यंत हात लावू नका, आत बोटं घालाची हायेत."

"काढला. काय तुटलं?"

मी उभा राहिलो. ते खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहत होते. आमच्यात हातभर अंतर असेल.

"माझी कडी तुटली, भाऊ. ती तुटणार हे मले कालच माहीत होतं. तुमाले सांगतलं नाई."

त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मागे सोमीकडं पाहिलं, मग पाण्याकडं, आणि म्हणाले, "घाला बोटं."

मी बोटं आत घातली.

तोपर्यंतच्या आयुष्यात मी इतका भ्यालो नव्हतो. त्या माणसाचा पाय क्लचवर होता, हात गियरजवळ, आणि मी त्याला नुकतंच सांगितलं होतं की मी त्याला फसवलं. एक तुकडा पोकळीत धरायचा, दुसऱ्या हातानं छिन्नी लावायची, हातोडी पाण्यातून मारायची. पाण्यात हातोडी चालत नाही, नुसती तरंगल्यासारखी येते. पहिला तुकडा निसटून वाहून गेला. दुसरा बसला. तिसरा बसला. वरून एक ओंडका आला आणि गाडीच्या नाकावर आदळला. सगळी गाडी हलली, सोमी पहिल्यांदा किंचाळली. माझी दोन बोटं लोखंडात चिमटली आणि मला वाटलं, गियर लागला. लागला नव्हता. पाणी लाल होतं, त्यामुळे रक्त किती गेलं ते कळलं नाही.

"किती टाइम?" सुमनबाई वरून ओरडल्या. "पाणी बुडापर्यंत आलं इथी. नाई होत असन तर सांगा, आमी हिले खांद्यावर घेतो."

मी चिन्नाकडं पाहिलं. मोकळा असा तो एकटाच. त्या पाण्यात आम्ही तिघं-चौघं तिला घेऊन दहा पावलं गेलो नसतो, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"झाकण लावून राह्यलो," मी म्हणालो.

सात तुकडे बसले होते. फडकं कोंबून झाकण दोनच बोल्टांवर आवळलं आणि बाजूला झालो. "टाका गियर. हळू. झटका देऊ नका, झटका दिला तर जाईन."

कोवे भाऊंनी क्लच असा सोडला की गाडीला कळलंही नसेल. खालून करकर आवाज झाला. चाक हललं. डावं चाक खड्ड्यातून वर आलं, मग उजव्यानंही ओढायला घेतलं. मी आणि चिन्ना मागून ढकलत होतो, म्हणजे निदान गाडीला धरून वाहून जाण्यापासून वाचत होतो. काठाच्या चढावर पोचताच ते सगळे तुकडे एका मागोमाग तुटले. मूठभर फुटाणे फुटल्यासारखा आवाज. पण मागची चाकं तोवर खडकावर आली होती. गाडी वर चढली.

मागं वळून पाहिलं तर आम्ही जिथं अडकलो होतो तिथं आता फक्त लाटा होत्या. पहिल्या नाल्याला पाणी फार चढलं नव्हतं, तो दोन चाकांवर निघाला.

अहेरीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. सोमी वाचली. मूल मेलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ते आदल्या दिवशीच गेलं असावं. मी सुमनबाईंना गाठून विचारलं, आपण नाल्यात किती वेळ होतो, तेवढ्यात काही फरक पडला का. त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "सकारीच ठोके नव्हते, मिस्त्री. मी कान लावला तेवाच समजलं. मायले वाचवाले आणलं." मग माझा हात ओढून त्यांनी बोटांना टाके घातले. ते खरं होतं की माझ्यासाठी सांगितलं, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. नंतर पुष्कळदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण उत्तर बदललं असतं तर काय करायचं?

साहेबांच्या समोर कोवे भाऊंनी एकच वाक्य सांगितलं. नाल्यात दगड लागून हब तुटला. रजिस्टरात तेच लिहिलं गेलं. सुमनबाईंकडून ऐकून साहेबांनी उलट मला शाबासकी दिली, बुडती गाडी पाण्यात बसून दुरुस्त केली म्हणून. मी खाली मान घालून ऐकलं आणि बाहेर आलो. कोवे भाऊ गाडी धूत होते. मी म्हटलं, "तुमी खरं काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय?" ते म्हणाले. "नवा मिस्त्री येईन. त्याले अजून भेव माहीत नाई राहाचं."

नवीन हब आला तो दिवाळीनंतर. मी बसवला, सगळं तपासलं, आणि कोवे भाऊंना सांगितलं की आता काही चिंता नाही. त्यांनी गाडी चालू केली आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. "बसा."

"कुठी?"

"नाल्यात."

त्यांनी मला पेरमिलीच्या पुढे, त्याच नाल्यात नेलं. गाडी उतरवली, मध्यावर थांबवली, पुन्हा चालवली, वर काढली. त्यानंतर हे ठरूनच गेलं. मी त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकाला हात लावला, नुसतं पॅकिंग बदललं तरी, की ते सीटवर थाप मारायचे आणि आधी मला घेऊन पाण्यात जायचे. चार वर्षं. इतर ड्रायव्हर हसायचे. मी हसत नव्हतो. दर वेळी मध्यावर गाडी थांबली की माझी जखमेची बोटं आपोआप मिटायची. पण त्या चार वर्षांत माझ्या हातून एकही काम अर्धवट गेलं नाही, आणि जे तात्पुरतं होतं ते मी रजिस्टरात मोठ्या अक्षरात तात्पुरतं लिहिलं. साहेब चिडले तरी लिहिलं. त्यापायी एकदा गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून बारा कोस चालत आणावं लागलं. तेही माझ्याच खात्यावर आहे. भीती दोन्हीकडून असते, हे मला तेव्हा कळलं.

मग एका ऑगस्टात कोवे भाऊंच्या गाडीचे दोन्ही हब मी उघडून, धुऊन, ग्रीस भरून बसवले. पाऊस लागलेला होता आणि भामरागडकडून तापाचे रुग्ण आणायचे होते. मी हात पुसत गाडीशी गेलो, नेहमीसारखा दरवाजा उघडला. सीटवर औषधांची खोकी ठेवलेली होती.

"तुमी राहू द्या आज," कोवे भाऊ म्हणाले.

मी दरवाजा धरून तसाच उभा राहिलो. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग मीच दरवाजा लावला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी शेडमध्ये जाऊन काढलेली जुनी पॅकिंगं मोजली, बोल्ट मोजले. एक जास्त निघतो की काय म्हणून पुन्हा मोजले. जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. दुपारी पत्र्यावर जोराचा पाऊस आला. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी रस्त्यापर्यंत जाऊन येत होतो.

संध्याकाळी साडेपाचला जीप आली. अंगभर चिखल, आत पाच माणसं दाटीवाटीनं बसलेली, एक म्हातारी खिडकीतून ओकत होती. कोवे भाऊ न थांबता दवाखान्याकडे वळले. जाताना त्यांनी फक्त खिडकीतून हात बाहेर काढला. मी शेडमध्ये आलो आणि माठातलं पाणी प्यायलो. सकाळपासून प्यायलो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.